जित्याच्या नावानं

चारुशीलाला राग आला की ती हेडफोन कानाला लावते. घरात भांडण होवो की शूटिंगवर, कान झाकले की तिचं डोकं थंड होतं. पण त्या दिवशी लकडगंजातल्या खोलीत तिला जो राग आला, तो हेडफोन लावलेले असतानाच आला आणि मग त्याला थंड करायला जागाच उरली नाही.

खोली तिच्या वडिलांची. खाली मनोहररावांचं लाकडाचं दुकान आणि आरा मशीन, वर पूर्वी सागवानाच्या फळ्या रचून ठेवायची जागा. चारुशीलानं तिथं भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, खिडकी विटांनी बुजवली आणि दाराबाहेर साउंड स्टुडिओची पाटी लावली. आऱ्याच्या डोक्यावर साउंड स्टुडिओ म्हटल्यावर हसणारे पोट धरून हसले. हसू द्या. दुपारी एक ते दोन आरा बंद असतो, तेवढ्यात ती रेकॉर्डिंग उरकते. बाकीचा दिवस एडिटिंग चालतं, ते कान झाकूनही करता येतं.

एडिटिंग गौरांगकडे होतं. गौरांग इतका शांत की समोरचं घर पेटलं तरी विचारेल, कोणत्या फ्रेमवर कापू? त्यानं दुर्गेशच्या सिनेमाचा शेवट लावला आणि चारुशीलाच्या कानात मनकर्णाबाईंचा आवाज शिरला.

"कोठी गेला रे माह्या बंट्या... मले टाकून कोठी गेला रे..."

तिनं स्पेसबार इतक्या जोरात दाबला की गौरांग दचकला.

"हे काढलं नाही?"

"काढायचं होतं?" गौरांग म्हणाला. "दुर्गेश तर म्हणाला की हेच ठेवायचं आहे. क्लायमॅक्स आहे म्हणे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती एकट्या दुर्गेशवरच होती असंही नाही. तो आवाज रेकॉर्ड कोणी केला होता? तिनंच.

डिसेंबरात ते सगळे नऊ दिवस नरखेड तालुक्यातल्या एका गावी होते. दुर्गेश नागपूरचाच, धरमपेठेतला. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि येताना 'करतोय', 'जातोय' घेऊन आला. त्यानं एक छोटा सिनेमा लिहिला होता. एका बाईच्या तरुण मुलाला विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागतो आणि आई अंगणात बसलेली असताना निरोप येतो, एवढीच गोष्ट. आईच्या कामासाठी नागपुरातून एक नाटकातली बाई नेली होती. तिनं पहिल्याच दिवशी चिखलात पाय ठेवायला नकार दिला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी दुर्गेशनं ज्यांच्या मळ्यात शूटिंग चाललं होतं त्या मनकर्णाबाईंकडे बोट दाखवलं. म्हणाला, फेस आहे!

मनकर्णाबाईंचे पाच एकर. संत्र्याची झाडं, एका बाजूला तूर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकच मुलगा, बंटी, चोवीस वर्षांचा. बाई स्वतः फवारणी करायच्या, मोटार बिघडली तर खोलून बघायच्या. आरशासमोर उभं राहायलासुद्धा त्यांना वेळ नसायचा, कॅमेऱ्याचं तर सोडाच. पण काय काम केलं त्या बाईनं! अंगणात तुरीच्या शेंगा सोलायचा शॉट होता. तिसरी शेंग सोलायची, दाणे सुपात टाकायचे आणि रस्त्याकडे बघायचं. सात टेक झाले. सातही वेळा तिसऱ्याच शेंगेला मान वर, तेवढीच वर, सूप त्याच गुडघ्यावर. एडिटिंगला बसलं की कळतं ही काय चीज आहे ते. कोणत्याही टेकचा तुकडा कोणत्याही टेकला जोडा, सांधा दिसत नाही. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नटांना हे जमत नाही.

रोज सकाळी चारुशीला त्यांच्या पदराखाली, गळ्याशी, शेंगदाण्याएवढा माइक चिकटवायची. डिसेंबरातली थंडी आणि माइकची पाठ लोखंडासारखी गार, म्हणून ती आधी तो तळहातात धरून गरम करायची. दोनच दिवसांत बाईंच्या हे लक्षात आलं.

"तुह्या हाताले गार नाही लागत का वं?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या दिवसापासून तिला चुलीपुढचा पाट मिळायला लागला.

दुर्गेशलाही मिळायचं सगळं. भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा खाल्ला की त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी. मग मनकर्णाबाई हसत त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. रोज सकाळी दहा वाजता त्याच्या आईचा फोन यायचा, जेवला का, आणि तो तोंडातला घास न गिळताच हो म्हणायचा. मनगटावर काळा धागा होता, आईनं कोराडीच्या देवीचा बांधलेला. दुर्गेश देव मानत नव्हता. धागा मात्र काढत नव्हता. बाई हे सगळं बघायच्या. त्या काय काय बघतात हे त्या वेळी कोणालाच कळलं नाही.

मग शेवटच्या सीनची वेळ आली. निरोप येतो आणि आई रडते. साधं रडणं नको होतं. त्या भागात बायका मेलेल्या माणसाचे गुण सांगत, नाव घेत, लांब हेल काढून रडतात, तसं दुर्गेशला हवं होतं. ऑथेंटिक, असं तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. मनकर्णाबाईंनी पहिल्याच झटक्यात नाही म्हटलं.

"डोयात पाणी आनतो, ऊर बडवतो, म्हणशीन तं भुईवर लोयतो. पण नाव घेऊन नाही रडत. जित्याच्या नावानं आमच्यात कोणी रडत नाही, बाबू."

"पण मावशी, बंटीचं नाव कुठे घ्यायचंय? सिनेमातल्या मुलाचं नाव जितेंद्र आहे."

"असन ना. पण कोण्या तरी मायच्या पोराचं नाव असनच ना ते. आमच्या गावातच दोन जितेंद्र हायेत."

सगळं युनिट हसलं. चारुशीलाही हसली. तिला ते आवडलं म्हणून हसली, पण हसली तर खरी. दुर्गेश सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि विषय सोडून दिला. इतक्या सहज सोडला, तिथंच खरं तर कोणाला तरी वास यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ. बंटी मोटारीचा स्टार्टर आणायला गाडीवर नरखेडला गेला होता. मनकर्णाबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या, अजून शॉटची तयारी चालली आहे अशा समजुतीत. चारुशीला गोठ्याच्या भिंतीआड, अंगण दिसेल अशी, रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन बसली होती, कानाला हेडफोन. बाईंच्या पदराखालचा माइक सुरूच होता, सकाळपासून सुरू असायचा. तिनं दुर्गेशला बाईंच्या शेजारी बसताना पाहिलं आणि त्याचा आवाज तिच्या कानात आला, अगदी हळू, अगदी जवळून.

"मावशी, घाबरू नका. बंटीला काटोल रोडवर ट्रकनं उडवलं. आत्ताच फोन आला. तो... मावशी, धीर धरा."

चारुशीला अर्धी उठली. तेवढ्यात तिला दुर्गेशचा डावा हात दिसला. तो त्यानं पाठीमागे नेला होता आणि तर्जनी हवेत गोल गोल फिरवत होता. चालू ठेवा, चालू ठेवा. कॅमेरा केव्हाचाच चालू होता. लांब लेन्स बाईंच्या चेहऱ्यावर रोखून कॅमेरामन बसला होता.

तिला कळलं. आणि हे ती स्वतःला अजून माफ करू शकलेली नाही, की कळल्यावर ती उठली नाही. मनकर्णाबाईंनी किंकाळी फोडली आणि चारुशीलाचा हात मशीनच्या बटनावर गेला, आवाज फुटू नये म्हणून त्यानं लेव्हल खाली घेतली. हातानं, सवयीनं. तेरा वर्षांची सवय. एवढी मोठी किंकाळी, पण कुठं फाटली नाही, कुठं खरखरली नाही. रेकॉर्डिंग झकास झालं.

बाई चार मिनिटं रडल्या. सूप उलटं झालं, तुरीचे दाणे अंगणभर. बंटीचे सगळे गुण निघाले. लहानपणी तापात बापाला हाक मारायचा, पहिली गाडी घेतली तेव्हा आधी आईला बसवून गावाला चक्कर मारली, सगळं. आणि दर ओळीला नाव. बंट्या रे, माह्या बंट्या.

चित्र एका मशीनवर उतरतं आणि आवाज दुसऱ्यावर. दोघांचा मेळ बसावा म्हणून शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर लाकडी पाटीची टाळी वाजवतात. सुरुवातीला राहून गेली तर शेवटी वाजवायची, पण पाटी उलटी धरून, म्हणजे एडिटरला कळतं. दुर्गेशनं पाटी उचलली, त्या रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर उलटी धरली आणि खाडकन वाजवली.

"कट! मावशी, काही झालेलं नाही. बंटी ठीक आहे. शॉटसाठी केलं. तुम्ही कमाल केलीत!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मनकर्णाबाई ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसल्या. पाऊण तासानं बंटी आला, पिशवीत स्टार्टर घेऊन, काय झालं म्हणून सगळ्यांकडे बघत. त्यांनी त्याला दारातच थांबवलं, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग दुर्गेशसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ते पुसून टाक."

"पुसतो, मावशी. आईशप्पथ."

बाईंनी विश्वास ठेवला. आईची शपथ होती ना. चारुशीलानंही ठेवला आणि संध्याकाळी रेकॉर्डिंगचं कार्ड त्याच्या हातात दिलं. विश्वास ठेवला म्हणणं सोपं पडतं. खरं म्हणजे तिला भांडण नको होतं. मूग गिळून ती जीपमध्ये बसली आणि नागपूर येईपर्यंत हेडफोन लावून बसली.

आता महिन्याभरानं तो आवाज लकडगंजात निघाला होता.

दुर्गेश दुपारी आला. चारुशीलानं त्याला बसूही दिलं नाही.

"तू आईची शपथ घेतली होती."

"अगं, बोलायची पद्धत असते ती."

"ती पद्धत असते, आणि जित्याचं नाव घेऊन रडायचं नाही ही त्या बाईची अंधश्रद्धा असते?"

"चारू, ऐक ना. नुसता आवाज आहे तो. हवेतली थरथर. तूच शिकवतेस ना मुलांना असं, दर रविवारी साउंडच्या क्लासात? तिच्या बोलण्यानं बंटीला काही झालंय का? मस्त संत्री तोडतोय तो."

"तिला विचारलं असतं तर तिनं करून दाखवलं असतं. नावाशिवाय."

"नसतं जमलं. तिला अॅक्टिंग येत नाही यार. अशा लोकांकडून काढून घ्यावं लागतं."

काढून घ्यावं लागतं! जशी काही बाई म्हणजे गोठ्यातली म्हैस. चारुशीलाला वाटलं, हातातला हेडफोन याच्या टाळक्यात घालावा. पण हेडफोन चांगला होता.

"मी रेकॉर्ड केलेल्या आवाजाशिवाय लाव मग तुझा सिनेमा," ती म्हणाली.

"तीन कॉपी आहेत माझ्याकडे," तो शांतपणे म्हणाला. मग जरा मऊ झाला. "एकच अडचण आहे. तिची पहिली ओळ खराब झालीय. माझं 'धीर धरा' तिच्यावर चढलंय. तेवढी ओळ डब करून हवी. तिला बोलाव ना तू. सांग, विहिरीजवळचे दोन डायलॉग राहिलेत. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

निर्लज्जपणाला काही हद्द! पण चारुशीलानं वाद घातला नाही. तिनं त्याच्यासमोरच फोन उचलला, मग बाहेर जिन्यात गेली, दार लावून घेतलं आणि मनकर्णाबाईंना सगळं खरं खरं सांगितलं. त्यानं पुसलं नाही. सिनेमात ठेवलं आहे. आता पहिली ओळ तुमच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायची आहे आणि तुम्हाला खोटं सांगून बोलवायला मला सांगितलं आहे.

पलीकडे लांबून कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बंटीले सांगू नोको," शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी येतो. गुरुवारी."

गुरुवारी त्या सकाळच्या एसटीनं आल्या. चारुशीला त्यांना स्टँडवरून स्कूटरवर घेऊन आली. जिन्याशी मनोहरराव पुढे आले, नमस्कार केला, म्हणाले, "तुम्ही म्हणान तेवढा वेळ आरा बंद ठेवतो, बाई. आज दोनची घाई नाही." चारुशीलानं वडिलांना काही सांगितलं नव्हतं. मुलीचं तोंड बघून त्यांनी काय ते ओळखलं असणार.

एक वाजता आरा थांबला. पायाखालची थरथर गेली. गौरांगनं पडद्यावर तो शॉट लावला. मनकर्णाबाईंनी स्वतःचा चेहरा भिंतीएवढा पाहिला, उघडं तोंड, पदर खाली पडलेला. त्यांनी डोळे फिरवले नाहीत, सगळा पाहिला. शेवटी उलटी पाटी आली, तीही पाहिली.

"छान दिसताय, मावशी," दुर्गेश म्हणाला. "एकच ओळ हवीय. 'कोठी गेला रे माह्या बंट्या'. बस, तेवढंच."

"नाव घ्याच लागते का?"

"मावशी, काही होत नाही हो. नुसता आवाज असतो."

"नुसता आवाज?"

"नुसता आवाज. अॅक्टिंग."

"तुकडा नाही जमत मले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रडतो तं पुरी रडतो. अन् समोर कोणी तरी लागते. तू बस."

दुर्गेशचा चेहरा उजळला. त्यानं चारुशीलाकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि स्टूल ओढून माइकच्या पलीकडे, बाईंच्या समोर बसला. चारुशीलानं मशीन सुरू केलं. तिचा हात बटनावर होता. बाई काय करणार आहेत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. दोन क्षण खाली बघितलं. मग दुर्गेशच्या डोळ्यात डोळे घालून त्यांनी हेल काढला. हळू सुरू केला. त्या आवाजानं गाद्यांच्या भिंतींतली खोली भरून गेली.

"दहा वाजता फोन केला होता रे मी... जेवला का म्हटलं तं हो म्हणला... घास तोंडात होता रे तुह्या, मले का समजत नाही का..."

दुर्गेश हसत होता. हळूहळू त्याच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"तिखट सोसे नाही रे माह्या लेकराले... नाकातून पाणी ये... गुयाचा खडा धरून बसली मी, आता कोणाच्या हातावर ठेवू रे... धरमपेठच्या गॅलरीत उभी राहो मी, गाडीचा आवाज आयकाले... सगळ्यायच्या गाड्या आल्या रे, तुही नाही आली..."

गौरांगचा हात माउसवरून खाली आला होता. बाईंच्या गालांवरून खरं पाणी वाहत होतं आणि आवाज कुठंही चुकत नव्हता. जिथं चढायचा तिथं चढत होता, जिथं तुटायचा तिथं तुटत होता. चारुशीलानं तेरा वर्षांत असा टेक ऐकला नव्हता. किंकाळी फोडली त्या दिवशीही नाही.

"मनगटाले धागा बांधला होता रे मी, देवीचा... काया धागा... धागा तसाच राह्यला रे, हात थंडा पडला... कोराडीले काय सांगू मी आता... मायले मांगं टाकून कोठी गेला रे... कोठी गेला रे माह्या..."

आणि त्या थांबल्या. नावाच्या अगदी तोंडाशी. तोंड उघडं, श्वास घेतलेला.

खाली आरा बंद, रस्त्यावरचा आवाज विटांनी अडवलेला. चारुशीलाला हेडफोनमधून दुर्गेशचा श्वास ऐकू येत होता. त्यानं बाही खाली ओढून मनगट झाकलं होतं आणि दुसऱ्या हातानं ते घट्ट धरलं होतं.

मनकर्णाबाईंनी डोळे न पुसता, अगदी साध्या, रोजच्या आवाजात विचारलं, "घेऊ नाव?"

दुर्गेशनं मनगट आणखी घट्ट धरलं.

"घेऊ का? नुसता आवाज आहे."

"नोको," दुर्गेश म्हणाला. पुण्याचं सगळं एका शब्दात गळून पडलं. "नोको वं मावशी. हात जोडतो."

"काहून?"

स्टूल सरकवून तो उठला आणि बाहेर गेला. दार उघडंच राहिलं होतं. जिन्यातून त्याचा आवाज आला, "आई? ... नाही, असाच लावला. जेवली का तू? ... नाही वं, काही नाही झालं. सांग ना, जेवली का?"

मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि गौरांगकडे पाणी मागितलं. पेला एका दमात रिकामा केला.

"रडून दाखव म्हणला असता तं रडली असती ना मी," त्या म्हणाल्या. "येते मले."

दुर्गेश आत आला तो कोणाकडे न बघता. "गौरांग, काढ ते. पूर्ण." चारुशीला म्हणाली, "तिन्ही कॉपी." त्यानं बॅगेतून दोन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवले, लॅपटॉप उघडला. एकेक करून पुसलं गेलं. गौरांगला शेवट कुठं कापू हे विचारायचं होतं, पण त्यानं विचारलं नाही. त्यानं आपल्याच मनानं तिसऱ्या शेंगेवर कापलं, बाई रस्त्याकडे बघतात तिथं.

"अन् हे आत्ताचंही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याच्या मायचं आहे ते. राहू नोको देऊ."

चारुशीलानं आतापर्यंत ऐकलेला सर्वांत चांगला टेक स्वतःच्या बोटानं पुसला. तिला हळहळ वाटली नाही, उलट बरं वाटलं. वाटलं, झालं एकदाचं. दुर्गेशची चांगली जिरली, बाईंचं काम झालं, आणि आपण खरं सांगितलं म्हणून झालं. खाली जाताना ती जवळजवळ खुशीत होती. मनोहररावांनी आरा सुरू करायला सांगितला, फळी कापली जाऊ लागली, भुश्शाचा वास जिन्यात आला.

स्टँडकडे जाताना सेंट्रल अव्हेन्यूवर सिग्नलला स्कूटर थांबली. मागं बसलेल्या मनकर्णाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, पुढे वाकल्या आणि तिच्या कानाजवळ तोंड आणलं.

"एक विचारू का वं?"

"विचारा ना."

"त्या दिवशी तो माह्या जवळ बसून बोलला. हळूच बोलला. तुह्या कानाले ते लावलंच असन ना?"

सिग्नलवरचे आकडे उलटे पळत होते. चाळीस, एकोणचाळीस.

"हो," चारुशीला म्हणाली.

"आयकू आलं होतं तुले. अन् तुले समजलं होतं, हे खोटं आहे म्हणून?"

"हो."

"मंग काहून नाही उठली वं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आजूबाजूला ऑटो, सिटीबस, हॉर्न, सगळा गोंगाट होता, पण तो प्रश्न तिला स्वच्छ ऐकू आला, अगदी जवळून, जसा त्या दिवशी अंगणातला प्रत्येक शब्द आला होता. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्नचा भडिमार सुरू केला. चारुशीलानं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. हा आवाज खाली घ्यायला हाताशी बटन नव्हतं.